अंगणातली कोंबडी आणि पत्र्याखालचा वेठबिगार

आषाढातल्या शेवटच्या रविवारी महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहराच्या बाजारातून सकाळी एक फेरफटका मारावा. देवळासमोर नसेल एवढी रांग कोंबडीच्या दुकानासमोर लागलेली दिसते. जाळीच्या पिंजऱ्यात एकमेकींच्या अंगावर बसलेल्या, मान टाकलेल्या पांढऱ्या कोंबड्या, शेजारी निळे पिंप, पिसे काढणारे यंत्र, तराजू आणि काळ्या पिशव्या. गिऱ्हाईक पक्ष्याकडे पाहत नाही. ते काट्याकडे आणि हातातल्या मोबाइलकडे पाहते. दोन मिनिटांत काम होते, पिशवी हातात येते आणि रांग एका पावलाने पुढे सरकते.

या दिवसांत येणारी आषाढी अमावास्या म्हणजे खरी दिव्यांची अवस. घरातले सगळे दिवे घासूनपुसून पाटावर मांडायचे, कणकेचे दिवे उजळायचे, मुलांना ओवाळायचे, असा हा सुंदर कुलाचार. त्याची ‘गटारी’ कशी झाली, याविषयी हळहळ व्यक्त करणारे लेखन आपल्याकडे दरवर्षी होते आणि ते योग्यच आहे. पण ही हळहळ मद्याच्या बाटलीपाशी येऊन थांबते. त्या पिंजऱ्यातल्या पक्ष्याकडे कोणी बोट दाखवीत नाही. तो कोठून आला, त्याचा वंश कोणाच्या मालकीचा, त्याला वाढविणाऱ्या शेतकऱ्याच्या पदरात काय पडले, त्याच्या खाद्यातले सोयाबीन कोणत्या मातीतले, हे प्रश्न विचारण्याची आपल्याला गरज वाटत नाही. स्वदेशीचा विचार ज्यांनी साबण, शीतपेये आणि दंतमंजन यांच्यापर्यंत आवेशाने नेला, त्यांनीच तो स्वयंपाकघरातल्या पातेल्याशी आणून सोडून दिला. ही चूक किरकोळ नाही. तिची किंमत लाखो शेतकरी कुटुंबे मोजत आहेत.

नाक मुरडण्याची सवय

या मौनाचे कारण सर्वांना ठाऊक आहे. ‘सामिष’ हा शब्द निघाला की आपल्या सुशिक्षित वर्तुळात एक अवघडलेपण पसरते. शाकाहारी मंडळी विषय बदलतात आणि मांसाहारी मंडळी खालच्या आवाजात बोलू लागतात. जणू हा हिंदू समाजाच्या एखाद्या दूरच्या, अप्रिय नातेवाइकाचा विषय आहे! वस्तुस्थिती काय आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ या वयोगटातील दहापैकी सात स्त्रिया आणि आठांहून अधिक पुरुष कमीअधिक प्रमाणात मांसाहार करतात. म्हणजे या देशातला बहुसंख्य समाज, आणि त्यातही बहुसंख्य हिंदू समाज, सामिष आहार घेणारा आहे. कोळी, आगरी, धनगर, मराठा, भंडारी, भिल्ल, कातकरी, बुरूड, मातंग हे सगळे समाज वजा केले, तर ‘हिंदू संघटन’ या शब्दात उरते तरी काय?

आणि ही केवळ जिभेची गोष्ट नाही. कार्तिकेयाच्या ध्वजावर कुक्कुट आहे. गुजरातेतली बहुचरा माता कोंबड्यावर आरूढ आहे. वेदांतल्या पूषन् देवतेचा रथ बोकड ओढतात. जेजुरीच्या खंडोबाची बाणाई धनगरवाड्यातून, मेंढरांच्या कळपातून येते. कोकणात गावाच्या वेशीवरच्या देवाला वर्षातून एकदा राखण दिली जाते आणि तिचा प्रसाद गावकरी एकत्र बसून घेतात. पशू आणि माणूस यांचे हे नाते शतकांचे आहे. त्यात ममता आहे, उपयोग आहे, वध आहे आणि वधाविषयीचा संकोचही आहे. शाकाहाराचे व्रत हे या संस्कृतीचे भूषण आहे, याविषयी शंका नाही. संतांनी जीवदयेचा जो संस्कार दिला, तो जपणाऱ्या घरांविषयी आदरच असला पाहिजे. परंतु स्वतः न खाणे ही एक गोष्ट आणि खाणाऱ्या बांधवाच्या ताटात काय पडते याविषयी बेफिकीर राहणे ही दुसरी. पहिली तपश्चर्या आहे. दुसरी निव्वळ आळस आहे.

हा पक्षी कोणाचा?

ब्रॉयलर म्हणजे कोणती जात, असे विचारले तर बहुतेकांना सांगता येत नाही, कारण ती जात नव्हेच. कॉर्निश आणि व्हाइट प्लायमाउथ रॉक या कोंबड्यांच्या वंशांतून, नराची फळी वेगळी आणि मादीची फळी वेगळी अशी निवड करीत, ही संकरित कोंबडी घडविली गेली. १९४८ मध्ये अमेरिकेत ‘उद्याची कोंबडी’ या नावाने एक स्पर्धाच भरविण्यात आली होती. छाती रुंद, वाढ वेगवान आणि खाद्य कमी, हे तिचे निकष होते. ती ‘उद्याची कोंबडी’ आज आपल्या ताटात आहे. पस्तीस ते बेचाळीस दिवसांत ती दोन किलोंच्या घरात जाते. एवढ्या काळात गावरान कोंबडीचे पिल्लू आईच्या पंखाखालून नुकते बाहेर पडलेले असते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ब्रॉयलरला संप्रेरकांची इंजेक्शने देऊन फुगवितात, अशी घरोघरी समजूत आहे. ती खरी नाही. ही वाढ वंशनिवडीतून आणि मका-सोयाबीनच्या मापून दिलेल्या खाद्यातून येते. खोट्या आरोपाने खरी बाजू लंगडी होते, म्हणून हे स्पष्ट सांगायचे. खरी बाजू पुरेशी गंभीर आहे. या पक्ष्याच्या मूळ वंशावळी जगातल्या दोन-तीन बड्या परदेशी कंपन्यांच्या ताब्यात आहेत. शेडमधली कोंबडी राखून तिच्यापासून पुढची पिढी घ्यावी म्हटले, तरी तो गुण उतरत नाही. संकरित बियाण्याची जी गोष्ट, तीच येथे. दरवेळी बी विकत घ्यायचे, दरवेळी पिल्लू विकत घ्यायचे. ज्या देशात कोंबडी आपल्याच अंड्यावर बसून एकवीस दिवसांत आपली पिढी उभी करीत होती, त्या देशाने पिढी उभी करण्याचा हक्कच गहाण टाकला. कपाशीच्या बियाण्यावरून ज्यांनी रान उठविले, त्यांना ही गोष्ट कशी दिसली नाही?

पत्रे शेतकऱ्याचे, पक्षी कंपनीचा

या व्यवसायाची दुसरी बाजू करारपद्धतीची आहे. तामिळनाडूत कोईमतूर-पल्लडमच्या पट्ट्यात १९९० च्या दशकात रुजलेली ही पद्धत पुढे महाराष्ट्रात आली आणि बघता बघता शेताच्या बांधावर लांबलचक पत्र्याची शेड उभी राहू लागली. करार दिसायला मोठा आकर्षक असतो. पिल्लू कंपनीचे, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे. शेतकऱ्याने फक्त शेड बांधायची, तूस पसरायचे, पाणी-वीज द्यायची आणि पक्षी वाढवून परत करायचे. त्याबद्दल किलोमागे काही रुपये मजुरी.

‘फक्त’ या शब्दात सगळे दडलेले आहे. एका पक्ष्याला साधारण एक चौरस फूट जागा धरली, तर पाच हजार पक्ष्यांना पाच हजार चौरस फुटांची शेड लागते. तिचे कर्ज शेतकऱ्याच्या नावावर आणि त्याला तारण त्याची जमीन. रात्री वीज गेली तर धावपळ त्याची. एप्रिल-मे महिन्यांत पत्रे तापून पक्षी पटापट मरू लागले, तर मजुरीतून कापले जाणारे पैसे त्याचे. मर वाढली, खाद्य जास्त लागले, वजन कमी भरले, की हिशोबाचा कागद त्याच्या विरुद्ध जातो आणि तो कागद लिहिणारा हात कंपनीचा असतो. माल कधी उचलायचा हे कंपनी ठरविते. पुढची पिल्ले कधी टाकायची, टाकायची की नाही, हेही तीच ठरविते. बाजारात कोंबडी दुप्पट भावाने विकली गेली, तरी त्याचा लाभ या माणसाच्या दारापर्यंत क्वचितच येतो. स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या कर्जाने बांधलेल्या शेडमध्ये, दुसऱ्याच्या मालाची राखण करणाऱ्या या माणसाला शेतकरी म्हणायचे की वेठबिगार?

भारतीय कुक्कुटपालनाचा इतिहास एवढा केविलवाणा नव्हता. १९८२ मध्ये अंडी उत्पादकांनी एकत्र येऊन राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन केली आणि अंड्याचा भाव व्यापाऱ्याने नव्हे, उत्पादकाने जाहीर करायचा, हे तत्त्व आग्रहाने मांडले. त्या प्रयत्नात पुण्याचा वाटा मोठा होता. संघटित शेतकरी काय करू शकतो, याचे ते उदाहरण आहे. करारातल्या ब्रॉयलर शेतकऱ्याला मात्र जाहीर करण्यासाठी भावच नाही, कारण विकण्यासाठी त्याच्याकडे पक्षीच नाही.

संकट येते तेव्हा

कोणत्याही व्यवस्थेची परीक्षा संकटात होते. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर येथे देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला. तो आढळला तो हजारो पक्षी दाटीने ठेवलेल्या व्यापारी शेडमध्ये. त्यानंतर लाखो पक्षी मारून पुरण्यात आले. परिसरातल्या आदिवासी पाड्यांवरच्या, घराच्या आढ्यावर झोपणाऱ्या चार-सहा कोंबड्याही त्यात गेल्या. १५ वर्षांनी, २०२१ च्या आरंभी, आधी परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात आणि पुढे पुन्हा नवापुरात तेच दृश्य दिसले.

२०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तर रोगही नव्हता, केवळ अफवा होती. कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो, असे कोणीतरी पसरविले आणि शेडवरचा भाव अनेक ठिकाणी किलोमागे दहा रुपयांच्या आसपास कोसळला. एक किलो वजन वाढविण्याचा खर्च याच्या कितीतरी पट होता. कोठे जिवंत पक्षी फुकट वाटले गेले, कोठे खड्ड्यात पुरले गेले. शेडचे हप्ते मात्र थांबले नाहीत.

आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये काय झाले? कोंबडीखाद्य महागले म्हणून जनुकसंस्कारित सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्यास केंद्राने परवानगी दिली. त्या वेळी लातूरच्या बाजारात सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेला होता. नवे पीक बाजारात येईपर्यंत तो निम्म्याच्या आसपास उतरला. घसरणीला नव्या पिकाची आवक हे एक कारण होतेच. पण आयातीच्या निर्णयाने बाजाराला जो इशारा मिळाला, तो मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला नेमका कळला. जनुकसंस्कारित खाद्यपीक आपल्या मातीत नको म्हणणारे आपण, तेच पीक परदेशच्या मातीतून पेंडीच्या रूपाने आणून आपल्याच शेतकऱ्याच्या मालाशी झुंजविले. निर्णय कोणत्या सरकारचा आहे हे पाहून स्वदेशीचे माप बदलत नसते. बदलत असेल तर ते माप खोटे म्हणावे लागेल.

बाहेरून येणारा दबाव वेगळाच. अमेरिकी माणूस कोंबडीची छाती आवडीने खातो. तंगड्यांना तेथे तेवढे गिऱ्हाईक नाही. त्या स्वस्त तंगड्या भारतात ओतता याव्यात, ही तेथल्या उद्योगाची जुनी इच्छा. बर्ड फ्लूच्या कारणावरून भारताने घातलेल्या आयातबंदीविरुद्ध अमेरिका २०१२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेली आणि २०१५ मध्ये अपील मंडळाचा निकाल भारताच्या विरोधात लागला. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये हा वाद मिटला तो गोठविलेली टर्की, बदक अशा काही मालावरचे शुल्क कमी करण्याच्या मोबदल्यात. ज्याला वंशही परका, खाद्यही परके आणि ज्याची बाजारपेठही परक्याच्या डोळ्यात भरलेली, त्या व्यवसायावर गावाचे भवितव्य उभे करायचे आणि त्याला ग्रामविकास म्हणायचे?

औषधाची उधारी

दाटीत ठेवलेला पक्षी आजारी पडतो, म्हणून औषध. आजारी पडू नये, म्हणून आधीच औषध. आणि वजन लवकर भरावे, म्हणूनही औषध. दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने २०१४ मध्ये राजधानी परिसरातले कोंबडीच्या मांसाचे ७० नमुने तपासले, तेव्हा ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडले. कोलिस्टिन हे औषध माणसाच्या रोगावर बाकी सगळे उपाय थकल्यावर वापरले जाते. तेच औषध कोंबड्यांच्या वाढीसाठी खाद्यातून दिले जात होते. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने पशू-पक्ष्यांसाठी त्याचे उत्पादन, विक्री आणि वितरण यांवर बंदी घातली. हा निर्णय स्वागतार्हच होता. पण तोपर्यंत किती वर्षे गेली? रोगजंतू औषधाला सरावले, तर अतिदक्षता विभागात पडलेल्या रुग्णाला ते औषध लागू पडत नाही, आणि तो रुग्ण शाकाहारी आहे की मांसाहारी याची चौकशी जंतू करीत नाहीत. तेव्हा ‘आमच्या घरी हे चालत नाही’ असे म्हणून या प्रश्नातून कोणाचीही सुटका नाही.

पक्ष्यांच्या हालांविषयी बोलायचे, तर खुद्द विधी आयोगाने २०१७ मध्ये २६९वा अहवाल या विषयावर दिला. अंड्यांवरच्या आणि मांसाच्या कोंबड्यांना कसे ठेवावे, कसे वाहून न्यावे, याचे नियम त्याने सुचविले. ज्या समाजात मुंगीला साखर घालतात, त्या समाजाला कोंबडीच्या पिंजऱ्यासाठी आयोगाचा अहवाल लागावा, यातच सर्व काही आले.

अंगणाचे अर्थशास्त्र

मग दुसरी वाट कोणती? ती शोधायला परदेशी जायला नको. ती अजून गावात आहे आणि आकडे सांगतात की ती मेलेली नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात एकूण ८५ कोटींच्या वर कोंबड्यादी पक्षी मोजले गेले. त्यांपैकी सुमारे ३१.७ कोटी परसातले होते. आधीच्या गणनेशी तुलना करता व्यापारी शेडमधल्या पक्ष्यांची संख्या साडेचार टक्क्यांनी वाढली, तर परसातल्या पक्ष्यांची तब्बल ४६ टक्क्यांनी. ज्याला सुशिक्षितांनी मागासलेपण म्हटले, ते गोरगरिबांनी सोडले नाही. त्यांना त्याचा हिशोब ठाऊक आहे.

तो हिशोब असा. आठ-दहा कोंबड्या आणि एक कोंबडा. दिवसभर उकिरडा, अंगण, खळे येथे किडे, सांडलेले दाणे, उरलेसुरले अन्न वेचायचे. रात्री डालग्याखाली किंवा खुराड्यात. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. व्यापारी कोंबडीच्या तीनशेंपुढे हा आकडा लहान दिसतो. पण ही कोंबडी खुडूक बसते, दहा-बारा अंडी उबविते, पिल्ले वाढविते, घार दिसली की पंखाखाली घेते. तिला यंत्र लागत नाही, विजेचे बिल लागत नाही, कंपनीचा माणूस लागत नाही. काही अंडी पोराबाळांच्या पोटात जातात, काही विकली जातात, वाढलेला कोंबडा पाहुण्यासाठी वा सणासाठी असतो. गावरान कोंबडीला बाजारात ब्रॉयलरपेक्षा कितीतरी अधिक भाव मिळतो आणि तो सगळा घरात राहतो. कोणाच्या हातात? घरातल्या बाईच्या. अंड्याकोंबडीचा पैसा बाईचा, हा गावोगावचा अलिखित दंडक आहे. मुलाची वही, लेकीची बांगडी, दवाखान्याचे भाडे या पैशातून होते आणि त्यासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही.

शेळीचेही तसेच. ‘गरिबाची गाय’ हे तिचे नाव उगीच पडलेले नाही. धाराशिव, लातूर, सोलापूर, बीड या दुष्काळी पट्ट्यातली उस्मानाबादी शेळी कमी चाऱ्यावर जगते आणि बहुधा जुळी करडे देते. पाच महिन्यांत विते. भूमिहीन घरातली बाई दुसऱ्याची पाट अर्धेलीने सांभाळते आणि दोन-तीन वर्षांत तिच्या दावणीला स्वतःच्या तीन-चार शेळ्या उभ्या राहतात. बोकड म्हणजे तिची ठेव. लग्नकार्यात, आजारपणात तो मोडता येतो. कोकणात कोकण कन्याळ, नगर-नाशिकच्या बाजूला संगमनेरी, विदर्भात बेरारी, अशा आपल्या मातीतल्या जाती आहेत. त्यांना परदेशी वंशावळीचा परवाना लागत नाही.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईच्या व्याख्यानांत एकात्म मानववादाची मांडणी केली, तेव्हा अर्थरचना स्वदेशी आणि विकेंद्रित असावी, असा त्यांचा आग्रह होता. ग्रंथांतून, शिबिरांतून हे वाक्य अनेकदा उच्चारले जाते. विकेंद्रित अर्थरचना प्रत्यक्षात कशी दिसते, हे पाहायचे असेल तर त्या बाईच्या अंगणात जावे.

आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप गंभीर आहे. ब्रॉयलरने मांस स्वस्त केले. मजुराच्या घरातही आठवड्याला कोंबडी शिजू लागली, कुपोषित मुलाला प्रथिने मिळाली. हे खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. परसातल्या कोंबड्यांवर मुंबई-पुणे पोसले जाणार नाही, हेही खरे. म्हणून ब्रॉयलरच्या शेडना उद्या टाळे लावा, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. म्हणणे एवढेच की स्वस्ताई कोणाच्या पाठीवर उभी आहे हे पाहा. करारात मर आणि मंदी यांचा भार दोघांनी वाटून घ्यावा, मजुरीचा हिशोब उघडा असावा, माल वेळेवर उचलला जावा. या मागण्या काही क्रांतिकारक नाहीत, साध्या न्यायाच्या आहेत. शिवाय कुपोषणाचा मुद्दा आहेच, तर मेळघाटातल्या वा नंदुरबारातल्या मुलाला बाजारातून येणारी कोंबडी जवळची की दारातले अंडे जवळचे?

दुसरा आक्षेप रोगाचा. उघड्यावरच्या कोंबड्या रोग पसरवितात, असे म्हणतात. परसातल्या पक्ष्यांनाही लागण होते. जानेवारी २०२५ मध्ये उरण तालुक्यातल्या चिरनेरला ते दिसले. गावकोंबडीचा मोठा शत्रू मात्र दुसराच आहे. शास्त्रज्ञ ज्याला राणीखेत म्हणतात आणि गावात ज्याला मानमोडी म्हणतात, तो रोग एका आठवड्यात अख्ख्या वाडीचे अंगण रिकामे करतो. त्यावर लस आहे, ती स्वस्त आहे, पण तिची कुपी शेकडो पक्ष्यांची आणि बाईकडे कोंबड्या आठ. म्हणून ती वाडीपर्यंत पोहोचत नाही. शेळ्यांच्या आंत्रविषाराचे आणि पीपीआरचेही तसेच. उपाय अंगण बंद करण्यात नाही. लस अंगणापर्यंत नेण्यात आहे.

तिसरा आक्षेप जीवदयेचा आणि तो सर्वांत आदराने ऐकावा असा आहे. पशू दारात वाढवायचा, त्याला नावाने हाक मारायची आणि मग तोच कापायचा, हे क्रूर नव्हे काय? ज्याला असे वाटते त्याने मांस सोडावे. ती वाट थोर आहे. पण ज्याने सोडलेले नाही, त्याच्यासाठी अधिक क्रूर काय? आपण वाढविलेल्या जिवाचा वध डोळ्यांनी पाहणे, की न पाहता काळ्या पिशवीत वजनावर विकत घेणे? घरचा कोंबडा कापताना आजीचे डोळे भरून येत असत. म्हणून तो उठसूट कापला जात नसे. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळले जात, एकादशी-चतुर्थी पाळली जाई, श्रावण पाळला जाई, आणि मग सणाला, जत्रेला देवाचे नाव घेऊन जे रांधले जाई ते सगळ्या भावकीत वाटले जाई. वाया काही जात नसे. हा संयम ग्रंथातून आलेला नव्हता. पशू डोळ्यांसमोर होता, म्हणून तो आला होता. पशू डोळ्यांआड गेला, तसा संयमही गेला. श्रावणाआधीच्या त्या रविवारची रांग ही त्याचीच परिणती आहे.

एक सावधगिरीही हवी. स्वदेशीच्या नावाने दुकाने थाटणारे कमी नाहीत. झाबुआच्या कडकनाथ कोंबडीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि पुढच्याच वर्षी सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथच्या नावाने शेतकऱ्यांची कोट्यवधी रुपयांची फसवणूक उघडकीस आली. पिल्ले द्यायची, अंडी चढ्या भावाने परत घेऊ असे सांगायचे, ठेव घ्यायची आणि पसार व्हायचे. पक्षी देशी होता. करार मात्र तोच होता, ज्यात शेतकऱ्याच्या हाती काहीच नव्हते. नुसती जात देशी असून भागत नाही, मालकीही देशातल्या साध्या माणसाची असावी लागते.

करायचे काय?

शहरातल्या कुटुंबाने महिन्यातल्या चार रविवारांपैकी तीन रविवार कमी करावेत आणि चौथ्या रविवारी गावाकडच्या माणसाकडून त्याने वाढविलेला पक्षी त्याला परवडेल त्या भावाने घ्यावा. चार घरांनी मिळून एक बोकड घ्यावा आणि वाटे घालावेत. आपले आजोबा तेच करीत होते. मुलांना सुटीत गावी न्यावे आणि कोंबडीखालची उबदार अंडी हातात द्यावीत. अन्न कोठून येते हे ज्याला कळले, तो ते ताटात टाकून उठत नाही.

कार्यकर्त्यांपुढचे काम अधिक मोठे आहे. वनवासी पाड्यांवर, वस्त्यांवर सेवेचे जे काम चालते, त्यात आरोग्य आहे, शिक्षण आहे, संस्कारवर्ग आहेत. त्यात वर्षातून दोन-तीनदा कोंबड्यांच्या लसीकरणाचा दिवस का नसावा? पावसाळ्यापूर्वी शेळ्यांना आंत्रविषाराची लस मिळाली की नाही, हे पाहणारा एक तरुण प्रत्येक वाडीत का नसावा? पशुवैद्यकीय दवाखान्यातून लस आणायची, बर्फाच्या डब्यात ती थंड ठेवायची आणि घरोघर जायचे, एवढेच काम. हैदराबादच्या संशोधन संस्थेने परसासाठी तयार केलेली वनराजा, बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा असे पक्षी बचतगटांच्या हाती देता येतील. फक्त ते खुडूक क्वचितच बसतात, म्हणून गावरान कोंबडीची जोड राखली पाहिजे. यासाठी देणगीची मोठी पावती लागत नाही. लागते ती संकोच टाकण्याची तयारी. शाकाहारी घरातल्या कार्यकर्त्याने शेजारच्या पाड्यावरच्या बाईची कोंबडी हातात धरून तिच्या डोळ्यांत लसीचा थेंब घालावा; समरसतेवरच्या दहा भाषणांनी जे होत नाही ते त्या एका थेंबाने होईल.

पुढच्या वर्षी दिव्यांची अवस येईल. दिवे घासले जातील, पाटावर मांडले जातील, मुलांना ओवाळले जाईल आणि बाजारात रांगही लागेल. त्या रांगेकडे पाहून केवळ हळहळणाऱ्यांनी या खेपेला एवढे करावे, की रांगेतल्या माणसाला एक प्रश्न विचारावा आणि तोच स्वतःलाही विचारावा: ही कोंबडी कोणाच्या अंगणातली? उत्तर देता आले नाही, तर दिवे कितीही उजळले तरी घरात अंधारच आहे असे समजावे.